परतलेल्या अंगाची साक्ष

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात, वैनगंगेच्या पलीकडे आणि कोक्याच्या जंगलाजवळ करडी हे गाव आहे. या भागाच्या हवामानाचे वर्णन करताना 'आल्हाददायक' हा शब्द कोणी वापरत नाही. उन्हाळा कडक, पाऊस चार महिने, हिवाळा कोरडा, एवढ्यात विषय आटोपतो. चांगल्या हवेसाठी महाराष्ट्रात महाबळेश्वर-पाचगणीचे नाव निघते, विदर्भात फार तर चिखलदऱ्याचे. भंडाऱ्याचे नाव निघते ते तलावांसाठी, धानासाठी आणि पितळी भांड्यांसाठी. इंग्रज अमदानीत तर उन्हाळा लागला की मध्य प्रांताचे सरकार नागपुराहून बिऱ्हाड उचलून पचमढीला जाई. आणि तरीही दुबईत, मस्कतमध्ये, लंडनला किंवा न्यू जर्सीत काही वर्षे काढून पूर्व विदर्भातल्या आपल्या गावी परतलेला माणूस 'इकडची हवाच वेगळी' असे म्हणतो. ऐकणारे ते गावच्या मायेच्या खात्यात जमा करतात आणि विषय बदलतात. मला ते घाईचे वाटते. परतलेल्या माणसाचे अंग दोन हवा भोगून आलेले असते, आणि ज्याने दोन्ही भोगल्या त्याची साक्ष तपासल्याशिवाय फेटाळू नये. मात्र ती नेमकी कशाची साक्ष आहे, हे त्याला स्वतःलाही बहुधा सांगता येत नाही. करडीची हवा सौम्य आहे, असे त्या साक्षीतून मुळीच सिद्ध होत नाही. ही हवा दिवसातून आणि वर्षातून अनेकदा पालटते आणि त्या पालटण्यातच तिचे सुख आहे, एवढे मात्र तिच्यातून निघते.

आधी आकडे पाहू, कारण या बाबतीत सर्वांत जास्त दिशाभूल सरासरीने केली आहे. या परिसराला जवळची, जुन्या नोंदी असलेली वेधशाळा नागपूरची, भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर. तिथे मे महिन्यातले कमाल तापमान सरासरी ४२-४३ अंशांवर असते आणि वाईट दिवशी ते ४७ च्या घरात जाते. त्याच वेधशाळेने २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश नोंदवले. म्हणजे एकाच जागेच्या दोन टोकांत चाळीस अंशांहून जास्त अंतर. (२०२४ च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले होते. ते यंत्र बिघडलेले होते, असा खुलासा हवामान खात्याला करावा लागला. पण तोवर देशभर बातमी झाली होती आणि खुद्द नागपूरकरांना तो आकडा फारसा अशक्य वाटला नव्हता.) आता या सगळ्याची वर्षभराची सरासरी काढली तर ती २७ अंशांच्या आसपास येते. किती गोड आकडा! सिंगापूरची वार्षिक सरासरीही जवळपास तेवढीच आहे. पण सिंगापूरला सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिन्यांत जेमतेम दोन अंशांचा फरक पडतो, तर इकडे मे आणि डिसेंबर ही जणू दोन वेगळी गावे आहेत. सरासरी सारखी आणि जगणे उलटे. त्या २७ अंशांत करडीचा माणूस वर्षातले फारच थोडे तास राहतो. उरलेला सगळा वेळ तो त्या आकड्याच्या वर तरी असतो किंवा खाली, किंवा एकीकडून दुसरीकडे चाललेला.

या चाललेपणाचे महत्त्व कळायला एका फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाची मदत होते. मिशेल काबानाक याने १९७१ साली 'सायन्स' या नियतकालिकात सुखाच्या शारीरिक कामगिरीवर एक निबंध लिहिला. त्याचे प्रयोग दिसायला अगदी साधे होते. माणसाला ऊन पाण्याच्या टबात बसवून त्याचे अंग तापवायचे, मग त्याचा हात गार पाण्यात बुडवायला सांगायचे आणि कसे वाटते ते विचारायचे. तापलेल्या माणसाला ते गार पाणी अतिशय सुखाचे वाटे. अंग गारठलेल्या माणसाला तेच, तितक्याच अंशांचे पाणी नकोसे होई आणि ऊन पाणी हवेसे वाटे. सुख पाण्यात नव्हते. शरीर ज्या अडचणीत आहे तिच्यातून बाहेर काढणारी जी गोष्ट, ती त्या क्षणी सुखद. या निष्कर्षातून आणखी एक गोष्ट ओघाने येते, आणि आपल्या विषयासाठी तीच महत्त्वाची आहे. शरीराला कसलीच अडचण नसेल तर हवा खुपत नाही, पण सुखावतही नाही. चोवीस अंशांवर कायम ठेवलेल्या कार्यालयात तक्रार करायला जागा नसते आणि 'आहाहा' म्हणायलाही नसते. आखातातली नोकरी म्हणजे वातानुकूलित खोलीतून वातानुकूलित गाडीत आणि गाडीतून पुन्हा खोलीत, मध्ये दोन मिनिटे भट्टीचे दार उघडल्यासारखी. तिथे अडचण आहे आणि तिच्यावरचा बंदोबस्तही आहे, पण एकातून दुसऱ्याकडे जाणारा उतार नाही.

करडीच्या हवेत हा उतार रोजचा आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८-२९ अंश आणि पहाटे बारा-तेरा, म्हणजे एका दिवसात पंधरा-सोळा अंशांचा चढउतार. कारण उघड आहे. आकाश निरभ्र असते, हवेत बाष्प थोडे असते, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता विनाअडथळा आकाशात सोडून देते. दुबई-मस्कतच्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये समुद्राचे बाष्प ही वाट अडवते आणि पहाटेसुद्धा पारा तिशीच्या फारसा खाली उतरत नाही. रात्र होते, पण सुटका होत नाही. लंडनच्या डिसेंबरात दिवस आणि रात्र यांच्यात पाचेक अंशांचाच फरक, तोही ढगाच्या एकाच राखी पांघरुणाखाली. इकडे माणूस सकाळी उन्हाच्या तिरिपेत अंग शेकत बसतो, दहा वाजता शाल खांद्यावर टाकतो, दुपारी सावली शोधतो आणि दिवेलागणीला पुन्हा शेकोटीजवळ येतो. काबानाकच्या भाषेत बोलायचे तर एका दिवसात त्याला चार वेळा अडचण येते आणि चारही वेळा फुकट सुटते. वर्षाचा उतारही तसाच. मेअखेरचे नऊ तापलेले दिवस म्हणजे नवतपा, मग मृगाचा पाऊस. विदर्भात मृगाच्या पहिल्या सरीचे जे कौतुक होते ते कोकणात तेवढे होत नाही. कोकणी माणूस कमी रसिक असतो असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या अंगावर आधीचे दीड महिने ४४ अंशांचे ऊन पडलेले नसते, एवढेच.

इथे पहिला आक्षेप येणारच: ४५ अंशांच्या उन्हाळ्याला सुखाची पूर्वतयारी म्हणणे ही थट्टा आहे. थट्टा झाली असती, जर ते ४५ अंश दमट असते तर. इतक्या उन्हात शरीराकडे उष्णता बाहेर टाकण्याचा मोठा उपाय एकच, घाम. आणि घाम येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक हवेत धरला तर पाणी सुकून तो जिथवर उतरतो, तिथवर घाम आपल्याला नेऊ शकतो. मे महिन्याच्या दुपारी पूर्व विदर्भात पारा ४५ वर आणि हवेतली आर्द्रता वीस टक्के असेल, तर हा ओला तापमापक २६ अंशांच्या आसपास थांबतो. आखाताच्या किनाऱ्यावर ३८ अंश आणि साठ टक्के आर्द्रता असेल तर तो ३१ च्या पुढे जातो. पारा सात अंशांनी कमी, आणि शरीराची कोंडी कितीतरी जास्त. भंडारा-नागपुरात घरोघरी कूलर चालतो आणि मुंबईत तोच कूलर खोलीची नुसती ओलसर कोठडी करतो, त्याचे कारण हेच. खसाच्या ताट्या, पाणी शिंपडलेले अंगण, सुरईतले पाणी, डोक्याला घट्ट बांधलेला ओला दुपट्टा, ही सगळी एकाच तत्त्वाची रूपे आहेत आणि ती कोरड्या हवेतच चालतात. म्हणून मेची संध्याकाळ इकडे खरोखर संध्याकाळ असते. पाणी मारलेल्या अंगणात बाज टाकली की दुपार आणि रात्र यांच्यात एक उंबरठा तयार होतो. आखातातून परतलेला माणूस ज्याला 'हवा' म्हणतो, ती बहुधा या उंबरठ्यावरची.

लंडनहून किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून परतणाऱ्याची साक्ष निराळी असते. तिचा संबंध उष्णतेपेक्षा उजेडाशी जास्त आहे. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी करडीत सूर्य सुमारे पावणेअकरा तास क्षितिजावर असतो, लंडनला आठ तासांहूनही थोडा कमी. पण तासांपेक्षा उंची बोलकी आहे. करडी सव्वाएकवीस अक्षांशांच्या आसपास आहे, त्यामुळे २१-२२ डिसेंबरच्या मध्यान्हीलाही सूर्य ४५ अंश वर असतो आणि माणसाची सावली बरोबर त्याच्या उंचीएवढी पडते. लंडनला त्या वेळी सूर्य पंधरा अंशांवर लोळत असतो आणि सावली, पडलीच तर, उंचीच्या पावणेचारपट. इतक्या तिरप्या उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व बनवता येत नाही. बॉस्टनच्या उन्हाबाबत हे १९८८ साली प्रयोगाने दाखवले गेले: नोव्हेंबर ते फेब्रुवारी शून्य. (भर उन्हाच्या आपल्या देशातही या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते हे खरे, पण तो दोष सूर्याचा नाही.) मनाचेही असेच. हिवाळ्यात दरवर्षी येणाऱ्या उदासीचे शास्त्रीय वर्णन १९८४ मध्ये ज्याने सहकाऱ्यांसह मांडले तो नॉर्मन रोझेंथाल मूळचा जोहान्सबर्गचा. १९७६ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि हिवाळ्यात आपलीच कामाची उमेद ओसरते हे त्याच्या ध्यानात आले. तिथे जन्मलेल्यांना हिवाळा म्हणजे असाच, याची सवय होती. सव्वीस अक्षांशांवरच्या उन्हात वाढलेल्या स्थलांतरिताच्या अंगाने तक्रार नोंदवली आणि तिच्यातून पुढे वैद्यकाचे एक प्रकरण उभे राहिले. परदेशी गेलेल्याचे अंग हे साक्षीदार म्हणून किती कामाचे असते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. मराठी लोकांत असा पहिला ठळक दाखला आनंदीबाई जोशींचा. १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. क्षयाचे खापर थंडीवर फोडता येणार नाही, पण तिथल्या हिवाळ्याने आणि आहाराच्या आबाळीने त्यांची प्रकृती खचत गेली, हे त्यांची चरित्रे सांगतात.

दुसरा आक्षेप मानसशास्त्राकडून येतो आणि तो पहिल्यापेक्षा भारी आहे. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना विचारले, तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात? दोन्हीकडची उत्तरे सारखीच निघाली. पण 'तिकडच्यासारखा विद्यार्थी किती समाधानी असेल' असे विचारल्यावर दोन्ही गटांनी कॅलिफोर्नियाला झुकते माप दिले, आणि त्यामागे मुख्यतः हवा होती. ज्या गोष्टीकडे लक्ष वेधले जाते तिचे वजन आपण वाढवून सांगतो, हा त्याचा अर्थ. मग गावच्या हवेचे गुण गाणाराही याच भ्रमात नाही कशावरून? मला वाटते, हा अभ्यास नीट वाचला तर तो परतलेल्याच्या बाजूनेही बोलतो. सुंदर हवेत राहणाऱ्यांना ती हवा आपल्या समाधानात मोजता येत नाही, कारण ती रोजची आहे. म्हणून करडीतच जन्म काढलेल्या माणसाला हवेविषयी विचारले तर तो पावसाविषयी बोलेल: धानाचे पऱ्हे टाकले का, रोवणीला पाणी पुरेल का, मावा-तुडतुडा पडेल का. हवा ही त्याच्यासाठी शेतीची बाब आहे. फरक जाणवायला तुलना लागते आणि तुलना परतलेल्याकडे असते. त्याने दुसरी हवा कल्पनेने रंगवलेली नाही, पगार घेऊन सोसलेली आहे. अर्थात हवा चांगली म्हणून तो सुखी होईल, असा दावा मी करणार नाही. तिथे श्केड आणि कानेमन बरोबर आहेत. परतलेल्याची जाणीवही दोन-तीन वर्षांत बोथट होते आणि मग तोही तुडतुड्यावर बोलू लागतो.

तिसरा आक्षेप मात्र मला पुरता परतवता येत नाही, आणि परतवू नये असेच वाटते. हवेचे गुण गाणाऱ्यांतले बरेच जण सुट्टीपुरतेच परततात, आणि तेही कधी? नाताळाच्या सुट्टीत, जानेवारीच्या लग्नाकार्यांत, दिवाळीत. म्हणजे वर्षातले निवडक आठवडे ते चाखतात आणि निकाल बारा महिन्यांचा देतात. शिवाय उतारावरचे सुख त्याला, ज्याला उतरता येते. एप्रिलअखेरीपासून मेभर या पट्ट्यात तेंदूपत्त्याची तोडणी चालते. बायाबापड्या अंधारात रानात जातात, पाने तोडून आणतात आणि दिवसभर पुडे बांधतात. वीटभट्टीवर किंवा डांबरी रस्त्याच्या कामावर असणाऱ्याला दुपारी बारा वाजता 'ही कोरडी हवा आहे, घाम छान सुकतो' असे सांगणे निर्लज्जपणाचे होईल. घाम सुकतो तो पाणी आणि सावली असेल तर. नाहीतर तीच कोरडी हवा माणसाला नकळत शोषून घेते आणि उन्हाचा तडाखा मारतो. म्हणून माझे विधान मी आवरते घेतो. ही हवा सुखाची आहे ती ज्याच्या हातात आपली दुपार आहे त्याला. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. इथल्या जुन्या कामांचे वेळापत्रक दुपार हातात ठेवूनच आखलेले दिसते. मोहफुले पहाटे वेचायची, तेंदू उजाडण्याआधी तोडायचा, उन्हाळ्यात गुरे सकाळी लवकर सोडून दुपारी झाडाखाली बसवायची. दुपार गहाण पडली ती घड्याळाने आणि ठेक्याने चालणारी कामे आल्यावर.

आणि हे वेळापत्रक फक्त कामाचे नाही. भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात आणि तिची नाटके दिवाळीपासून होळीपर्यंत चालतात. रात्री दहाच्या पुढे सुरू होऊन पहाटेपर्यंत, उघड्या मंडपात, घोंगड्या-ब्लँकेटे पांघरून बसलेल्या हजारो माणसांसमोर. पुस्तकात याचे कारण धानाचा हंगाम उरकलेला असतो असे देतात, आणि ते खरेच आहे. पण धान तर पूर्वेकडे सगळीकडेच पिकते. रात्रभर उघड्यावर बसवेल इतकी थंडी, पाऊस नाही, वारा नाही, दव आहे पण बोचरा गारठा नाही, अशी चार महिन्यांची खात्रीशीर हवा मिळाल्याशिवाय हा व्यवसाय उभाच राहिला नसता. भाऊबिजेनंतरच्या मंडया म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, दंडार हे लोकनाट्य, ही याच हवेची अपत्ये. घरांबाबतही असेच. इमारतशास्त्रात गेली काही दशके 'जुळवून घेतलेल्या सुखा'चा सिद्धान्त मानला जातो: खिडकी उघडता येत असेल, कपडे बदलता येत असतील, जागा बदलता येत असेल, तर माणसाला सुखाचे वाटणारे तापमान बाहेरच्या ऋतूबरोबर सरकते. माधवी इंद्रगंटी यांनी २००८ मध्ये हैदराबादच्या सदनिकांत पाहणी केली तेव्हा लोकांचे सुखाचे तापमान २९ अंशांच्या आसपास निघाले, त्या वेळच्या राष्ट्रीय संहितेने गृहीत धरलेल्यापेक्षा बरेच वर. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत भारतीय माणसासाठी हा विचार आला. झाडीपट्टीत तो कवेलूच्या छपरात, मातीच्या जाड भिंतीत, पडवीत आणि अंगणात आधीपासून होता. तलावांचेही नाव इथे घेतले जाईल. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेल्या, पुढे मालगुजारांकडे गेलेल्या आणि आता माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा तलाव' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तळ्यांनी धान जगवले, यात शंका नाही. पण गावची हवा तळ्यांनी गार होते हे मी जपून म्हणेन. पाळीवरच्या वाऱ्याचा गारवा फार दूर जात नाही, आणि भर मे महिन्यात, जेव्हा त्याची खरी गरज, तेव्हा बऱ्याच तळ्यांचा तळ दिसू लागलेला असतो.

परतलेला माणूस आज जे शोधतो त्यातले बरेच त्याला मिळत नाही, कारण ही अंगणे आणि पडव्याच मागे पडत आहेत. बाहेरच्या पैशातून पहिली वस्तू गावात उभी राहते ती स्लॅबचे घर. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत ओकतो, म्हणजे बाहेर पहाट गार होत असताना आत मात्र दुपारच चालू. मग एसी येतो, खिडक्या बंद होतात आणि आखातातली तीच खोली करडीत अवतरते. त्यात जगभरचाच कल असा, की दिवसांपेक्षा रात्री अधिक तापत आहेत. उताराचा खालचा भाग वर सरकतो आहे. उन्हाळी धानामुळे मे महिन्यातही बांधीत पाणी उभे राहू लागले आहे, तेव्हा कोरड्या हवेचा फायदाही पूर्वीइतका निखळ राहील का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

करडीच्या आकाशात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि मध्यान्हीला उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पहिल्यांदा २६-२७ मेच्या सुमारास, ऐन नवतपात. तेव्हा रस्ते ओस असतात आणि कमाल तापमान ४३ च्या पुढे. दुसऱ्यांदा १६-१७ जुलैच्या सुमारास. सूर्याची उंची तीच, दिवसाची लांबीही जवळपास तीच, पण जुलैतले कमाल तापमान सरासरीने अकरा-बारा अंश खाली आलेले असते. त्या दिवशीची नाहीशी झालेली सावली सहसा कोणाला दिसत नाही. वर ढग असतात, आणि बांधीत कमरेत वाकून रोवणी चाललेली असते.